हात हलवू नका

४ जानेवारी

ऑफिस बंद पडलं त्याला आज दोन महिने झाले, आणि मी आयुष्यातला पहिला कारखाना सुरू केला. कारखाना हा शब्द माझा नाही, सासऱ्यांचा. तळमजल्यावरच्या त्यांच्या जुन्या दवाखान्यात मी दोन बादल्या, एक टेबल आणि प्लॅस्टरच्या तीन गोण्या मांडल्या, तेव्हा ते दारात उभे राहून म्हणाले, "वा! कारखानदार झालात." तेव्हापासून तेच चालू आहे. "कारखानदार, जेवायला चला." "कारखानदारांचा फोन वाजतोय."

काम सोपं आहे. निदान तीन दिवसांच्या शिकवणीत तरी सोपं वाटलं होतं. अल्जिनेट नावाची पावडर असते, समुद्रातल्या शेवाळापासून काढलेली. ती पाण्यात कालवली की दाट खळीसारखी होते. त्यात माणसानं मनगटाच्या वरपर्यंत हात बुडवून पाच मिनिटं गप्प राहायचं. खळ रबरासारखी घट्ट झाली की बोटं हळूहळू चाळवत हात बाहेर काढायचा. आत हाताच्या आकाराची पोकळी राहते. तिच्यात प्लॅस्टर ओतायचं आणि तासाभरानं वरचं रबर सोलायचं. आतून हुबेहूब हात निघतो. नखं, सुरकुत्या, जुन्या जखमेचा व्रण, सगळं. लोक बाळांचे करून घेतात, नवरा-बायको हातात हात घालून करून घेतात, आईवडिलांचे करून ठेवतात.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पिशवीचा वास घेतला. "ही तर आमचीच." चाळीस वर्षं त्यांनी ह्याच पावडरीनं लोकांच्या दातांची मापं घेतली. मी खूश. म्हटलं, मग तुम्हीच शिकवा. तर म्हणाले, "मी निवृत्त माणूस." आणि उजवा हात खिशात घालून वर निघून गेले.

तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी त्यांनी दवाखाना बंद केला. कारण काय, तर कंटाळा आला. चाळीस वर्षांत न आलेला कंटाळा एकाएकी मंगळवारी कसा येतो, हे मला कळत नाही. पण ह्या घरात असले प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही.

७ जानेवारी

पहिला हात माझाच, डावा. सोलताना करंगळी तुटली. मग शेजारचं बोट. मग घाबरून ओढलं तर अंगठा.

जेवताना बाबा म्हणाले, "आज किती गेली?"

"तीन."

"म्हणजे दोन वाचली. माझ्या पहिल्या कवळीतला एकही दात वाचला नव्हता."

हे सांत्वन होतं की टोमणा, ते ठरवता आलं नाही.

११ जानेवारी

नवऱ्याचा हात केला. बोटं शाबूत, पण सगळीकडे चामखिळी. नवरा म्हणाला, "हा माझा नाही. बेडकाचा आहे."

बाबा उंबरठ्यावर. ते आत येत नाहीत. बाहेर उभं राहून सल्ले देतात, रेडिओसारखे. "बुडबुडे आहेत ते. तू ढवळतेस. ढवळायचं नसतं, घोटायचं असतं. भांड्याच्या कडेवर दाबून, चेपून. आतली हवा निघाली पाहिजे."

मी रुंद उलथनं त्यांच्यापुढे धरलं. "दाखवा ना एकदा."

त्यांनी हनुवटीनं हवेत दोन गोल काढले. "असं." आणि गेले.

हनुवटीनं घोटायला मला जमत नाही.

१९ जानेवारी

पहिलं गिऱ्हाईक. वय वर्षं नाही, महिने सात. शेजारच्या इमारतीतलं बाळ, सोबत आई, मावशी आणि खुळखुळे. बाळानं आधी खळ चाखायचा प्रयत्न केला, मग माझं नाक धरलं. शेवटी मुठीचा साचा मिळाला. पाच मिनिटांच्या कामाला दोन तास, पण मूठ अशी आली आहे की बघत बसावं. मनगटावरची वळीसुद्धा. बाळाची आई ती हातात घेऊन रडायलाच लागली, तेव्हा मीही थोडं रडून घेतलं.

वर जाऊन सगळ्यांना सांगितलं. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मिठीच मारली. बाबा टेबलावर पसरलेल्या पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "चला. कारखान्याचा भोंगा वाजला."

२५ जानेवारी

रस्त्याकडच्या खिडकीत मांडायला एक नमुना हवा. बाळाची मूठ तर बाळाच्या घरी गेली. मोठ्या माणसाचा हात पाहिजे, जगलेला, रेषांनी भरलेला. असा हात घरात एकच आहे. सरळ जाऊन मागितला.

"बाबा, तुमचा हात द्या."

"का? सगळं घर तर दिलंय."

"नमुन्याला."

"नमुना हवा असेल तर तुझा नवरा घे." आणि हसले, आणि विषय संपला.

खरं सांगायचं तर मला वाटतं, त्यांना मी फारशी आवडत नाही. नऊ वर्षांत त्यांनी माझ्याशी एक कडवट शब्द बोललेला नाही, हे मान्य. पण मी चहा नेऊन दिला की "ठेव तिथे" म्हणतात आणि मी खोलीत असेपर्यंत कपाला हात लावत नाहीत. आईंच्या हातचा मात्र चालतो. आणि आईंची तऱ्हा तर अशी की मोठा थोरला मग घेतात आणि त्यात अर्धाच चहा ओततात. नवऱ्याला अर्धा चहा! मी तर माझ्या नवऱ्याला काठोकाठ देते. कुरिअरवाला आला तरी बाबा मला वरून हाक मारतात, "कारखानदार, सही करा!" दोन पावलांवर उभे असतात स्वतः. चाळीस वर्षं डॉक्टरकी केली की सही करणंसुद्धा कमीपणाचं वाटत असेल.

लिहून झाल्यावर जरा वाईट वाटतंय. पण वही माझी आहे.

२ फेब्रुवारी

मिळाला! हात मिळाला!

काल मी सहज म्हटलं होतं, "ही जागा तुमची, खुर्ची तुमची, पावडरही तुमचीच. खिडकीत पहिला हात दुसऱ्या कोणाचा मांडू?" आज सकाळी दाढी करून, धुतलेला टी-शर्ट घालून खाली आले आणि उंबरठा ओलांडला. तीन वर्षांत पहिल्यांदा. जुन्या खुर्चीच्या पाठीवरून त्यांनी डावा हात फिरवला, जसं एखाद्या म्हाताऱ्या कुत्र्याला थोपटतात.

मी सूचना दिल्या. "तळाला टेकवायचा नाही. कडेला लावायचा नाही. अधांतरी धरायचा. आणि मुख्य म्हणजे हात हलवू नका."

"पेशंटला मीही हेच सांगायचो," म्हणाले.

पाच मिनिटं ते खिडकीबाहेर बघत होते. कपाळावर घाम. उकडत तर नव्हतं. खळीच्या वरच्या थरावर सारखे बारीक तरंग उठत होते. बहुतेक बाहेरून जड गाड्या जात असाव्यात. मी प्लॅस्टर ओतलं, तासभर थांबले आणि सोललं.

मनगट अप्रतिम. घड्याळाच्या पट्ट्याचा वण, एकेक केस. पण त्याच्या पुढे सगळा गोंधळ. बोटं जाडजूड, गुळगुळीत, एक रेष नाही, नखांच्या कडा दुहेरी. जाड हातमोजा घातल्यासारखा हात.

बाबा बराच वेळ बघत राहिले. "पावडर जुनी आहे," म्हणाले.

३ फेब्रुवारी

पावडर विकणाऱ्याला खरमरीत पत्र लिहिलं. 'जुना माल खपवणे' असे शब्द वापरले. पाठवल्यावर बरं वाटलं.

५ फेब्रुवारी

विक्रेत्याचं उत्तर आलं, फार सभ्य. त्याच पिशवीतल्या पावडरीनं दुसऱ्या कोणाचा तरी हात घेऊन बघा, म्हणतो.

घेतला. माझाच. लहानपणी सुई घुसली होती त्याचा ठिपकासुद्धा आलाय. एकही बुडबुडा नाही.

म्हणजे पावडर जुनी नाही. आणि मीही मठ्ठ नाही. मग उरलं कोण?

विक्रेत्याची माफी मागितली. ती लिहायला पत्रापेक्षा जास्त वेळ लागला.

६ फेब्रुवारी

विचारलं. विचारायला नको होतं का? पण विचारलं.

बाबा गॅलरीत बसले होते. मी माझा प्लॅस्टरचा हात आणि त्यांचा हात, दोन्ही समोर ठेवले. "बाबा, पावडर चांगली आहे. तुम्ही हात हलवलात."

"हलवला."

"मुद्दाम?"

ते माझ्याकडे बघत राहिले. इतका वेळ, की मला वाटलं ऐकू आलं नसावं.

"हो," म्हणाले. "मुद्दाम."

मी दोन्ही हात उचलून खाली आले. त्यांचा हात जोरात टेबलावर ठेवला तर त्याचं एक बोट तुटलं. त्याचंही वाईट वाटलं नाही. आता सगळं स्पष्ट आहे. त्यांना त्यांच्या दवाखान्यात माझ्या बादल्या नको आहेत. तोंडावर सांगायचं नाही, गमती करायच्या, कारखानदार म्हणायचं, आणि मी ज्या एका गोष्टीची आशा धरली तीच बिघडवायची.

आईंना सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या, त्यांची सुरी थांबली. "पुन्हा त्यांना हात मागू नकोस," एवढंच बोलल्या. म्हणजे दोघं एकाच पक्षात.

नवऱ्याला सांगितलं. "बाबा असं करणार नाहीत," म्हणाला आणि परत मोबाइलमध्ये शिरला.

"ते स्वतः हो म्हणाले!"

"मग गंमत केली असेल."

ह्या घरात सगळ्याचं उत्तर गंमत.

९ फेब्रुवारी

बाबा आता मला कारखानदार म्हणत नाहीत. "अगं, जेवण तयार आहे." "अगं, कोणीतरी आलंय." बरंच झालं. डोकं शांत आहे.

१२ फेब्रुवारी

फारच शांत आहे.

१४ फेब्रुवारी

मोठं काम आलंय. फोनवर एक गृहस्थ होते, चांगले पन्नाशीचे, पण बाईंचं नाव काढलं की आवाज शाळकरी होत होता. बाई म्हणजे त्यांच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, वय सत्त्याऐंशी. रविवारी त्या हे गाव सोडून कायमच्या मुलीकडे राहायला चालल्या आहेत. विद्यार्थ्यांना शाळेच्या प्रवेशद्वारापाशी त्यांचा हात ठेवायचा आहे. शुक्रवारी सकाळी आणतो म्हणाले. "एकदाच जमेल हं. बाई दुसऱ्यांदा कशालाच तयार होत नाहीत."

मी हो म्हटलं. ह्या कामावर कारखाना चालेल नाहीतर बुडेल.

२० फेब्रुवारी

जसं घडलं तसं लिहिते. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

बाई दहाला आल्या. विद्यार्थ्याला त्यांनी बाहेरच बसवलं. "तू बस इथे. आत येऊन भाषण करशील." आत आल्या, खुर्चीत बसल्या, खोलीवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "हे बघ मुली, आधीच सांगते. माझा हात थरथरतो. छत्तीस वर्षं. फळ्यावर सरळ रेघ यायची नाही, तरी सात वर्षं शिकवलं मी तसंच. मुलं म्हणायची, बाईंच्या अक्षराला थंडी वाजते."

त्यांनी हात पुढे केला. खरंच, फांदीवरच्या पानासारखा हलत होता.

पाच मिनिटं हा हात अधांतरी, स्थिर? मी त्यांना चार वेगवेगळ्या प्रकारे बसवून पाहिलं. उशी दिली. बाई म्हणाल्या, "स्थिर बसा, हे मी लोकांना सांगते. मला सांगून उपयोग नाही."

तेवढ्यात उंबरठ्यावरून आवाज आला. "गार पाण्यानं करू नकोस. कोमट घे."

बाबा.

"कोमट पाण्यात ते लवकर धरतं. दोन मिनिटांत. कोपर खुर्चीच्या हाताला टेकव, आणि तू मनगटाच्या मागे दोन्ही हातांनी पकड. थरथर बोटांतून येत नाही, वरून येते. वर आधार दिला की खाली कमी होते."

"पण मग घोटायला वेळच कुठे उरतो? मला दीड मिनिट लागतं!"

"अर्ध्या मिनिटात घोटायचं."

"कोण घोटणार अर्ध्या मिनिटात?"

बाबा आत आले. माझ्याकडे न बघता त्यांनी पावडरीचा डबा ओढला, खिशातून उजवा हात काढला आणि माप घेतलं.

डब्यापासून भांड्यापर्यंत वीतभर अंतर. तेवढ्यात मापातली निम्मी पावडर टेबलावर, त्यांच्या टी-शर्टवर, जमिनीवर. माप भांड्याच्या कडेला लागून टकटकटक वाजत राहिलं. मला वाटलं ते रागावलेत. शप्पथ, अजूनही मला तेच वाटलं.

बाई खुर्चीतून वाकून बघत होत्या. "अहो, तुम्हालाही आहे की!" एखादा गाववाला भेटावा तशा म्हणाल्या. "किती वर्षं?"

खोलीत फक्त ते टकटक ऐकू येत होतं. बाबांनी माप खाली ठेवलं तेव्हा तेही थांबलं.

"तीन," ते म्हणाले.

"औषध काय घेता?"

"काही नाही."

"डॉक्टर ना तुम्ही?"

"दातांचा."

"म्हणजे स्वतःचा हात तोंडात घातल्याशिवाय तपासता येत नाही की काय?"

बाबा हसले. मी त्यांना तसं हसताना नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. आणि मी? मी हातात कोमट पाण्याचा जग घेऊन उभी होते, आणि खळीवरचे ते तरंग मला आठवत होते. गाड्या नव्हत्या. आमच्या गल्लीत जड गाड्या येतच नाहीत.

"पाणी थंड होतंय, कारखानदार," बाबा म्हणाले.

पावडर मी मोजली. पाणी त्यांच्या सांगण्यानुसार ओतलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी उलथनं पकडलं आणि घोटायला लागले. मी तसं कधी पाहिलं नाही. भांडं पोटाशी, उलथनं कडेवर दाबून, एका दिशेनं, जोरात. त्या वेगात थरथर कुठे गेली कोण जाणे. सव्वीस सेकंद. एक गुठळी नाही. मी खळ बादलीत ओतली, बादली वर सरकवली, बाईंचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि हात आत गेला. बाबा मोठ्यानं सेकंद मोजत होते आणि बाई त्यांचे आकडे चुकतात का ते बघत होत्या. एकशेदहाला खळ धरली.

दुपारी सोललं. चार बोटं स्वच्छ. ठिसूळ नखं, फुगलेल्या शिरा, पेनानं पडलेला घट्टा. फक्त करंगळी किंचित धूसर. मी माफी मागायला लागले तर बाई म्हणाल्या, "ती तशीच पाहिजे. ती कधीच गप्प बसत नाही."

त्या गेल्यावर मी आणि बाबा दोघंच. जमिनीवर सांडलेली पावडर मी झाडत होते. ती फार बारीक असते, नुसती इकडून तिकडे उडते.

"तुम्ही मुद्दाम म्हणालात," मी म्हटलं. "मी विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात."

"मग काय म्हणणार होतो?"

"खरं."

"त्यापेक्षा खाष्ट सासरा बरा." मग म्हणाले, "घरात कोणाला बोलू नकोस. तुझ्या सासूला तर मुळीच नाही. ती घाबरेल."

२१ फेब्रुवारी

आईंना घाबरवायचं नाही म्हणून मी सकाळपासून त्यांना टाळत होते. त्यांनीच मला स्वयंपाकघरात गाठलं.

"काल त्यांनी खाली घोटलं म्हणे."

"हो."

"हात पाहिलास?"

आईंनी गॅस बारीक केला. "तीन वर्षं मी अर्धा मग भरतेय. सदऱ्यांची बटणं लागेनात म्हणून टी-शर्ट आणलेत, आणि सांगितलंय की आता हेच चांगले दिसतात. उजवा खिसा चारदा शिवलाय. आणि ते म्हणतात मला माहीत नाही?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"त्यांना वाटतं मला माहीत नाही. तेवढंच त्यांना समाधान." मग एकदम पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "मी बोलले असते तर त्यांना खरंच वाटलं असतं गं. आणि मलाही."

दोन माणसं एका छपराखाली एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि ती दोघांनाही माहीत होती. आणि मी वहीत लिहीत होते की नवऱ्याला अर्धा चहा देते. ती पानं फाडावीशी वाटली. नाही फाडली. असू देत, मला वाचायला.

मी म्हटलं, "आई, डॉक्टरकडे नेऊ या."

"येणार नाहीत."

"बाईंनी विचारलंय औषध काय घेता. रविवारच्या आत उत्तर द्यायचंय, असं सांगू."

आईंना पटलं. आश्चर्य म्हणजे बाबांनाही पटलं. मुख्याध्यापिका ही काय चीज असते!

२७ फेब्रुवारी

रविवारच्या आत काही जमलं नाही. आजची वेळ मिळाली. मेंदूविकाराच्या डॉक्टर तरुण आहेत, बाबांपेक्षा निदान तीस वर्षांनी. त्यांनी बाबांना कागदावर जिलबीसारखं वेटोळं काढायला लावलं, एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतायला लावलं, चालायला लावलं. मग हात मांडीवर ठेवून नुसतं बसायला सांगितलं. मांडीवरचा हात अगदी गप्प होता.

"तुम्हाला काय झालंय असं वाटतं?" त्यांनी विचारलं.

बाबांनी त्या आजाराचं नाव घेतलं. आई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी माझी ओढणी मुठीत धरली.

"का वाटतं?"

"माझ्या वडिलांना होता. शेवटी घास तोंडात जायचा नाही."

"त्यांचं निदान कोणी केलं होतं?"

"मीच. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो."

डॉक्टर हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, तुम्ही म्हणता त्या आजारात हात बहुधा स्वस्थ असताना हलतो. तुमचा काम करताना हलतो. हा घराण्यात चालत येणारा कंप दिसतोय. कदाचित वडिलांनाही हाच असेल. काही तपासण्या करून खात्री करून घेऊ. पूर्ण जाणार नाही, गोळ्यांनी कमी होईल. हळूहळू वाढूही शकतो. पण तुम्ही ज्याला घाबरताय तो हा नव्हे.

जिन्यात बाबा मधल्याच पायरीवर बसले. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते.

"दवाखाना बंद केला ते बरोबरच केलं," ते म्हणाले. "अशा हातात यंत्र धरून कोणाच्या तोंडात जायचं नाही. पण त्याच्याबरोबर मी बाकीचंही सगळं बंद केलं."

आई त्यांच्या शेजारी, त्याच पायरीवर बसल्या. "तीन वर्षं," म्हणाल्या, "मी मूर्खासारखी खिसे शिवतेय."

"तुला माहीत होतं?"

"तुम्हाला नव्हतं माहीत, मला माहीत आहे ते?"

मी दोन पायऱ्या खाली जाऊन भिंतीवरची सूचना वाचत राहिले. शांतता राखावी, असं लिहिलं होतं. कोणी राखत नव्हतं.

१ मार्च

बाबांनी मुलाला स्वतः सांगितलं. नवऱ्यानं उठून त्यांच्यासाठी चहा केला. माझ्या लग्नाला नऊ वर्षं झाली, त्याला चहा करता येतो हे आज कळलं.

१५ मार्च

तपासण्या झाल्या. डॉक्टरांचं म्हणणं बरोबर निघालं. गोळ्यांनी थोडा फरक आहे, फार नाही. शाळेच्या त्या हातामुळे आणखी सहा कामं आली आहेत. घोटणं आता पूर्णपणे बाबांकडे. त्यांचा विक्रम बावीस सेकंदांचा आहे आणि तो ते गिऱ्हाइकांना न विचारता सांगतात.

आज गिऱ्हाईक नव्हतं. बाबा बाही वर सरकवून खुर्चीत येऊन बसले. "कारखानदार, वेळ आहे का?"

मी कोमट पाणी घेतलं. घोटायचं मला होतं, कारण त्यांचा हात आज माल होता. "पंचेचाळीस सेकंद," ते म्हणाले. "लाजिरवाणं." आई स्टूल घेऊन बसल्या होत्या. मी बादली वर सरकवली आणि बाबांच्या मनगटामागे दोन्ही हातांनी पकडलं. नऊ वर्षांत मी त्यांचा हात कधी हातात घेतला नव्हता. ऊबदार आहे, आणि वाटलं होतं त्यापेक्षा हलका.

त्यांची थरथर माझ्या तळव्यात येत होती. मी जोर लावला. थोडी कमी झाली. आणखी लावला.

"हलतंय कोण?" बाबांनी हळूच विचारलं. "मी, का तू?"

मी खाली बघितलं. खरंच सांगता येईना. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"तुम्ही बोलू नका," मी म्हटलं. "साचा बिघडेल."

हात बाहेर आला, मी प्लॅस्टर ओतलं आणि एक तास आम्ही तिघं त्या बादलीभोवती बसून राहिलो. बाबांनी तीनदा विचारलं, उघडू या का. मी तीनदा नाही म्हटलं. मग सोलायला घेतलं, बोट-बोट करत, जीव मुठीत धरून. तळव्यावरच्या रेषा आल्या. नखं आली. अंगठ्याच्या बाजूला चाळीस वर्षं दात बघायचा आरसा धरून पडलेला खळगा आला. तर्जनी जराशी पुसट आहे, बाकी सगळा हात आलाय.

बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला. बघताना त्यांचा खरा हात हलत होता आणि त्यात तो पांढरा हात घट्ट धरलेला होता. मग त्यांनी तो आईंच्या मांडीवर ठेवला.

आईंनी चष्मा लावला. एकेका बोटावरून बोट फिरवलं. बराच वेळ.

"छान झालाय," म्हणाल्या. "पण हलत नाही ना, म्हणून जरा परका वाटतो."